गिनी कोंबडीचीं पिसें आणि गळाची माशी

मंडळाच्या ज्या सभासदांनीं मळ्यांत गिनी कोंबड्या बाळगल्या आहेत, त्यांच्याकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत असतो. अंडीं घरांत खपतात, नर विकले जातात, परंतु ठिपक्यांचीं हीं सुंदर पिसें उकिरड्यावर टाकवत नाहींत; त्यांचा कांहीं उपयोग आहे काय? उपयोग आहे. विलायतेंत व अमेरिकेंत मासे धरण्याच्या गळावर जी कृत्रिम माशी बांधतात, तिला हीं पिसें शंभराहून अधिक वर्षें लागत आलीं आहेत. मात्र उकिरड्यावरचें पीस आणि गिऱ्हाइकानें पैसे देऊन घ्यावें असें पीस यांत फार अंतर आहे, आणि तें अंतर कोंबडीच्या जातीनें पडत नसून पाळणाऱ्याच्या हातानें पडतें. म्हणून पीस कोठलें, केव्हां व कसें घ्यावें, आणि त्याची माशी बांधतात ती कशी, हें येथें जरा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम माशी म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडे तापी-गिरणेच्या कांठीं गळ टाकणारा मनुष्य गांडूळ, कणकेची गोळी किंवा लहान मासळी आमिष म्हणून लावतो. आमिष जड असतें, तें पाण्यांत बुडतें आणि मासा वासानें किंवा चवीनें त्याकडे येतो. माशीच्या गळाची रीत याहून निराळी आहे. लहानशा गळावर दोरा, लोंकर, जर व पीस बांधून त्याला पाण्यांत पडलेल्या किड्याचें किंवा बारक्या मासळीचें रूप देतात. त्याला ना वास ना चव. मासा केवळ डोळ्यांनीं फसतो. अशी माशी इतकी हलकी असते कीं नुसती फेंकली तर हातभर दूर जाणार नाहीं. म्हणून तिच्यामागची दोरीच मुद्दाम जाड व वजनदार करितात, आणि लवचिक काठीनें ती दोरी हवेंत पुढेंमागें झुलवून सोडली म्हणजे तिच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर उतरते. पूर्वीं ही दोरी रेशमाची असे. आतां ती कृत्रिम द्रव्याची करितात.

ही कला नवी नाहीं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेल्या ईलियन नांवाच्या ग्रंथकारानें मॅसिडोनिया देशांतील लोक गळावर तांबडी लोंकर गुंडाळून त्यावर कोंबड्याचीं दोन पिसें बांधतात, असें लिहून ठेविलें आहे. इंग्लंडांत गळाच्या शिकारीवरील निबंध १४९६ मध्येंच छापला गेला. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनीं या छंदाचें मोठें थोतांड माजविलें. सामन नांवाच्या माशासाठीं जगांतील दूरदूरच्या रंगीत पक्ष्यांचीं पिसें आणून अशा माशा बांधल्या जाऊं लागल्या कीं त्या माशाला मोहविण्यापेक्षां विकत घेणाऱ्याला मोहविण्यासाठींच असाव्यात असें वाटतें. त्या काळच्या माशांच्या पाककृतींत, पाककृति हाच शब्द येथें शोभतो, 'गॅलिना' असें एक नांव वारंवार आढळतें. तें आपल्या गिनी कोंबडीचेंच. 'जॉक स्कॉट' ही त्या वेळची अत्यंत गाजलेली माशी. तिच्या गळ्याखालची ठिपकेदार दाढी याच पिसाची असते. इतर पक्षी दुर्मिळ झाले, कित्येक कायद्यानें वर्ज्य झाले, परंतु गिनी कोंबडी पाळीव असल्यामुळें तिचें पीस अद्यापि बिनघोर चालतें.

या पिसांत असें काय आहे? पीस हातीं घेऊन उजेडाकडे धरावें. मधोमध कणा, आणि त्याच्या दोहों अंगांस बारीक तंतु एकमेकांस चिकटून पान झालेलें दिसेल. काळसर भुईवर पांढरे वाटोळे ठिपके ओळीनें बसलेले असतात. आतां बोटानें तंतु उलट दिशेस सारून एकमेकांपासून सोडवावे. ठिपका नाहींसा होतो, आणि प्रत्येक तंतूवर काळें-पांढरें, काळें-पांढरें अशीं कांडीं पडलेलीं दिसतात. गळाभोंवतीं असें पीस गुंडाळलें कीं हे कांड्यांचे तंतु चोहोंकडे पसरतात आणि किड्याच्या सांधेदार पायांसारखे दिसूं लागतात. पाण्यांत ते थोडे हलतात, उजेड त्यांतून तुटक तुटक जातो, आणि निर्जीव वस्तु सजीव असल्याचा भास होतो. एकरंगी पिसानें हें काम इतकें साधत नाहीं. तित्तिराच्या पिसाचे तंतु याहून मऊ असतात, पण ते लवकर झिजतात. गिनी कोंबडीचा तंतु किंचित् ताठ व चिवट असल्यानें वाहत्या पाण्यांतही आकार सोडीत नाहीं.

एकाच पक्ष्याच्या अंगावर पिसें अनेक प्रकारचीं असतात, आणि येथेंच बहुतेकांची चूक होते. मानेच्या बुडाशीं व छातीच्या वरच्या भागीं जीं पिसें असतात त्यांवर ठिपके नसतात. त्यांना जांभळट-करडी झांक असते. पाठीवरचीं पिसें लहान, त्यांवरील ठिपके मोहरीएवढे व दाट. जसजसें खालीं कुशीकडे व पोटाकडे यावें तसतसे पीस व ठिपका दोन्ही मोठे होतात. कुशीवरील ठिपका पुरता वाटोळा व ठसठशीत असतो. पंखांच्या मोठ्या पिसांवर ठिपक्यांऐवजीं पांढरे पट्टे व अर्धवट डाग येतात. पाठीचें बारीक पीस लहान गळाच्या माशीस, कुशीचें मोठें पीस मोठ्या गळास, आणि पंखाच्या पिसाची चिमूटभर पट्टी कापून माशीच्या पंखास असा त्यांचा विनियोग आहे. सर्व एका पोत्यांत कोंबून पाठविलें म्हणजे घेणारा तें वजनावर, म्हणजे उशींत भरण्याच्या भावानेंच घेईल. कपाशीचें उदाहरण आपणांस परकें नाहीं. चांगल्या कापसांत थोडी कवडी मिसळली कीं अडत्या साऱ्या गाडीचा भाव कवडीवर नेतो.

पक्ष्यासंबंधानें चार शब्द सांगणें अवश्य आहे. गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेंतील कोरड्या गवताळ प्रदेशांतली. भुसावळ-जळगावकडचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो तेव्हां विलायती कोंबड्या धापा टाकून मरतात; गिनी कोंबडी सावली व पाणी मिळाल्यास तग धरते. ती गोचीड, नाकतोडे, वाळवी वेंचून खाते, आणि साध्या कोंबडीइतकी माती उकरीत नसल्यानें भाजीपाल्याच्या वाफ्यांस तिच्यापासून उपद्रव कमी होतो. अनोळखी मनुष्य, कुत्रा किंवा साप दिसला कीं एकच कल्ला करिते. राखणदार म्हणून ती चांगली, पण शेजाऱ्याची झोंप मोडल्यास त्याला उत्तर देण्याची तयारी ठेवावी. नर व मादी दिसण्यांत जवळजवळ सारखे. ओळखण्याची खूण आवाजांत आहे: दोन सुरांचा तुटक पुकारा मादीच करिते, नर एकाच सुरांत ओरडतो. चार-पांच माद्यांस एक नर पुरे. अंड्याचें कवच फार कठिण असतें. अंडीं उबविण्यास २६ ते २८ दिवस लागतात, आणि हें काम खुडुक बसलेल्या देशी कोंबडीकडे सोंपविणें उत्तम. गिनी मादी स्वतः पिलांना दंवांतून फिरवून मारिते. ओल हाच पिलांचा खरा शत्रु. पहिले चार आठवडे तीं ऊबदार व कोरडीं राहिलीं तर पुढें पक्षी काटक होतो. बरेलीजवळ इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी अशा तीन जाति तयार केल्या आहेत. पिसांसाठीं पाळावयाची असल्यास ठळक ठिपक्यांचीच पाहून घ्यावी. श्वेतांबरी मांसास कितीही चांगली असली तरी तिच्या पांढऱ्या पिसास या कामीं तें मोल नाहीं.

पीस घेण्याचे दोन मार्ग. अंडीं घालण्याचा हंगाम पावसाळ्याअखेर सरत आला कीं भाद्रपद-आश्विनांत पक्षी जुनीं पिसें टाकून नवीं घेऊं लागतो. रात्रीं पक्षी बसतात त्या जागेखालीं कोरडा गोणपाट पसरून ठेविल्यास सकाळीं गळलेलीं पिसें मिळतात. परंतु हें पीस वर्षभर ऊनपावसांत वापरलेलें, कडा झिजलेलें असतें. त्यांतलें चौथा हिस्साही चांगलें निघत नाहीं. उत्तम पीस मिळतें तें नवीं पिसें पुरीं वाढल्यावर, म्हणजे मार्गशीर्ष-पौषांत, खाण्यासाठीं मारलेल्या पक्ष्याचें. त्या वेळीं कण्याच्या बुडांत रक्त राहिलेलें नसतें. नव्या वाढत्या पिसाचें बूड निळें व ओलें असतें. तें उपटल्यास सडतें आणि शेजारच्या पिसांसही वास लावतें. जिवंत पक्ष्याचीं पिसें उपटण्याचा विचारही मनांत आणूं नये. त्यांत क्रौर्य आहे, आणि तसें पीस चांगलेंही नसतें. उकळत्या पाण्यांत पक्षी बुडवून पिसें काढण्याची स्वयंपाकघराची रीतही येथें उपयोगी नाहीं. तंतु पिळवटतात व ठिपक्यांवर पिवळट छटा येते. पक्षी कोरडाच सोलावा. अखंड कातडें काढलें तर सर्व पिसें आपापल्या जागीं लहानमोठ्याच्या क्रमानें लागलेलीं राहतात, आणि माशी बांधणारास पाहिजे तें पीस निवडतां येतें. म्हणून अशा अखंड कातड्याचा भाव सुट्या पिसांहून नेहमीं सरस असतो.

कातडें काढल्यावर आंतल्या बाजूची चरबी बोथट सुरीनें खरवडून घ्यावी. ही गोष्ट कंटाळवाणी आहे, पण येथें केलेला आळस तीन महिन्यांनीं उघडा पडतो: राहिलेली चरबी पिवळी पडून पिसांत झिरपते व कातड्यास खवट घाण येते. नंतर आंतून टांकणखार चोळून कातडें फळीवर पिसें खालीं करून टांचण्यांनीं ताणून लावावें, आणि सावलींत, वाऱ्यावर, मांजराच्या आवांक्याबाहेर पंधरा दिवस वाळवावें. उन्हांत ठेवूं नये, कारण काळी भुई तांबूस पडते. सुटीं पिसें रिठ्याच्या कोंबट पाण्यांत हलकेंच घुसळून, दोनदां स्वच्छ पाण्यांतून काढून, मलमलीच्या पिशवींत घालून झुलवीत वाळवावींत. धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी कदापि वापरूं नये. पीस हें केंस-नखांच्याच जातीचें द्रव्य असल्यामुळें तीव्र खारानें तें विरघळूं लागतें व तंतु ठिसूळ होतात.

साठवणुकींतला वैरी म्हणजे कसर. लोंकरीच्या कपड्यांना खाणाऱ्या किडीच पिसांचाही फडशा पाडतात, आणि एक लागलेलें पीस पेटींत गेलें कीं सारी पेटी भुशाची होते. कडुनिंबाचा पाला घालण्याची आपली जुनी रीत आहे. त्यानें किडीचें येणें कांहींसें टळत असेल, पण आधींच आंत असलेलीं अंडीं मरत नाहींत. ज्यांच्या घरीं बर्फ करणारें शीतकपाट आहे त्यांनीं माल घट्ट पिशवींत बांधून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यांत ठेवावा, दोन-तीन दिवस बाहेर काढून पुन्हां आठवडाभर ठेवावा. मग डब्यांत डांबरगोळी घालून झांकण लावावें.

रंगविण्याविषयीं एक मौज आहे. काळ्या भुईवर रंग चढला तरी दिसत नाहीं. जो दिसतो तो फक्त पांढऱ्या ठिपक्यावर. म्हणून निळ्या रंगांत बुडविलेल्या पिसावर काळ्या आकाशांत निळ्या चांदण्या उमटल्यासारखें होतें. विलायतेंत कावळ्याच्या जातभाईचें निळ्या पट्ट्यांचें पीस माशीच्या गळ्याखालीं बांधण्याची चाल होती. तें मिळेनासें झालें तेव्हां निळें रंगविलेलें गिनी पीस त्याच्या जागीं आलें व टिकलें. लोंकरीस लागतो तोच आम्लांत चढणारा रंग पिसास लागतो. पीस आधीं पुरतें भिजवावें, नाहीं तर रंग डागाडागांनीं बसतो. पाणी हात पोळेल इतकें कढत असावें, उकळतें नसावें. रंग विरघळल्यावर पीस घालून मागून थोडा शिरका ओतावा व पाणी निवेपर्यंत तसेंच ठेवावें. घरचे रंगही करून पाहण्यासारखे आहेत. हळदीनें ठिपका असा झगझगीत पिवळा होतो कीं पाहात राहावें, पण चार दिवसांच्या उन्हांत तो उडून जातो. पळसाच्या फुलांच्या काढ्यांत तुरटी घातली असतां येणारा पिवळा-नारिंगी रंग डोळ्यांस मऊ लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशीं शिमग्याच्या सुमारास त्याला पैसा पडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष माशी बांधूं. सर्वांत सोपी घेऊं. साहित्य: ८ किंवा १० नंबरचा गळ, मेण लावलेला काळा रेशमी दोरा, तपकिरी किंवा काळ्या लोंकरीचा धागा, वीतभर बारीक जर, पाठीचें किंवा छातीचें ठिपकेदार पीस, टोंकदार कात्री आणि थोडें रोगण. पैठणीच्या कांठाची जर जीर्ण लुगड्यांतून निघते ती या कामीं चांगली. गळ धरण्यास सोनाराचा किंवा घड्याळजीचा लहान शेकंजा असला म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

गळाच्या कांट्याचें उलटें दांत आधीं पकडीनें चेपून टाकावें. कां तें पुढें सांगूं. गळाचा वांक शेकंज्यांत धरून डोळ्याच्या मागें दोरा सुरू करावा व जवळजवळ वेढे देत वांकापर्यंत न्यावा. तेथें प्रथम जर व मग लोंकर बांधावी. दोरा पुढें आणून डोळ्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढी जागा सोडून थांबवावा. लोंकर गुंडाळीत पुढें आणावी, मागें बारीक व पुढें किंचित् फुगीर, आणि बांधून कापावी. तिच्यावरून जर मळसूत्राप्रमाणें चार-पांच वेढ्यांनीं आणावी; ती किड्याच्या पोटावरील वळ्या दाखविते. नवशिका नेहमीं ही सोडलेली जागा भरून टाकतो आणि मग डोक्यास स्थळ उरत नाहीं.

पीस लावण्यांत सारें कौशल्य आहे. बुडाची मऊ लव ओढून काढावी. टोंकाचें थोडें पान चिमटींत धरून बाकीचे तंतु उलटे सारावे, म्हणजे ते कण्याशीं काटकोनांत उभे राहतात. गिनी पिसाचा कणा बुडाशीं फार जाड असतो. बुडाकडून बांधल्यास गांठ ओबडधोबड होते व गुंडाळतांना कणा कडाक्कन् मोडतो. सबब पीस टोंकाकडूनच बांधावें, आणि त्यापूर्वीं क्षणभर ओल्या फडक्यांत दाबून ठेवावें. मग कण्याचें बूड धरून दोनच वेढे द्यावे, तिसरा नको. प्रत्येक वेढ्याबरोबर तंतु मागें थोपटावे. तंतूंचीं टोंकें गळाच्या वांकापर्यंत पोंचलीं म्हणजे माप बरोबर झालें. कणा फारच जाड असेल तर एका अंगाचे तंतु आधींच ओढून टाकावे. तरीही न जमल्यास आठ-दहा तंतूंची जुडी कापून गळाच्या पोटाखालीं दाढीसारखी बांधावी. शेवटीं डोळ्यामागें दोऱ्याचें लहानसें डोकें करून गांठ आवळावी व त्यावर रोगणाचा एक थेंब द्यावा. डोळा बुजूं देऊं नये.

आपल्या नद्यांत या माशीवर काय येईल, असें कोणी विचारील. पाण्याच्या वरच्या थरांत किडे टिपणारे लहान चंदेरी मासे लहान माशीवर येतात, आणि मरळ हा आडदांड मासा मोठ्या माशीवर कधीं कधीं झडप घालतो. रोहू व कटला यांच्या वाटेस मात्र माशी घेऊन जाऊं नये. ते तिच्याकडे ढुंकूनही पाहात नाहींत. हिंदुस्थानांत या छंदाचा खरा मानकरी महसीर. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ मध्यें 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला तेव्हांपासून त्याचें नांव जगभर झालें. अक्राणी-अक्कलकुव्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा ही त्याच्या वस्तीची नदी. दख्खनच्या नद्यांतील त्याच्या एका जातीचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ मध्यें केलें. धरणें, विषप्रयोग व सुरुंग यांनीं हा मासा ठिकठिकाणीं इतका घटला कीं लोणावळ्यास वळवणच्या जलाशयाशीं टाटांच्या वीज कंपनीनें १९७१ पासून त्याचीं पिलें मुद्दाम तयार करून नद्यांत सोडण्याचें काम हातीं घेतलें. म्हणूनच वर गळाचें दांत चेपावयास सांगितलें. असा मासा लागलाच तर तो इजा न होतां सुटावा व पाण्यांत परत जावा. धरणांच्या जलाशयांत मासे धरण्याचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेला असतो. त्यांना विचारल्यावांचून गळ टाकूं नये.

यानंतरची गोष्ट प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या अनुभवानें सांगावी लागते. पहिल्याच वर्षीं आठ पक्ष्यांचीं पिसें जमवून एका व्यापाऱ्याकडे नमुना धाडला. घरच्या मुलांनीं हौसेनें त्यांत बांधावर सांपडलेलीं मोराचीं दोन व तित्तिराचीं चार-पांच पिसें टाकलीं होतीं. माल अधिक शोभिवंत दिसावा हा त्यांचा हेतु. पेटी परत आली, आणि सोबतच्या चिठ्ठींत लिहिलें होतें कीं असला माल जवळ ठेवणेंही आमच्यानें होणार नाहीं. त्या वेळीं राग आला. पुढें कायदा वाचला तेव्हां त्या गृहस्थानें आपणांस वांचविलें हें समजलें.

रानटी पक्ष्यांचीं पिसें देशाबाहेर नेण्यास हिंदुस्थान सरकारनें १९०२ मध्येंच बंदी केली होती. त्याचें कारण हाच टोपीचा व गळाचा शौक. आपल्या सातपुड्यांत व सह्याद्रींत राहणारा करडा रानकोंबडा यांत विशेष भरडला गेला, कारण त्याच्या मानेच्या प्रत्येक पिसावर मेणाचा पिवळट थेंब गोठल्यासारखा चकचकीत डाग असतो, आणि सामनाच्या माशीस तो डोळा म्हणून लावीत. आज परदेशीं बाजारांत मिळणारीं तीं पिसें तिकडेच पिंजऱ्यांत वाढविलेल्या पक्ष्यांचीं असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मोर, रानकोंबडा, तित्तिर या सर्वांस संरक्षण आहे. मोर तर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. त्याचें आपोआप गळलेलें शेपटीचें पीस घरांत ठेवण्यास देशांत मोकळीक आहे, परंतु तें परदेशीं पाठवितां येत नाहीं. या शौकानें माणूस कोठवर जातो याचा दाखला पाहिजे असल्यास इंग्लंडांतील ट्रिंग येथील पदार्थसंग्रहालयांत २००९ च्या जूनमध्यें झालेली चोरी आठवावी. माशा बांधण्याच्या नादीं लागलेल्या एका तरुणानें खिडकी फोडून २९९ पक्ष्यांचीं जतन केलेलीं कातडीं नेलीं. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीं दीडशें वर्षांपूर्वीं जमविलेलींही होतीं. आपल्या पेटींत गिनी कोंबडीवांचून एकही परकें पीस नाहीं, याची खात्री स्वतः डोळ्यांनीं करून घ्यावी. मुलांवर किंवा गड्यावर हें काम सोंपवूं नये.

दुसरा धोका रोगाचा, आणि तो खानदेशास नवा नाहीं. देशांतील पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारींत आपल्या नवापुरासच उघड झाला. पुढल्याच महिन्यांत जळगाव जिल्ह्यांतील कांहीं गांवांत तो दिसला, आणि २०२१ मध्यें नवापुरास पुन्हां आला. कोंबड्या पोत्यांत भरून पुरतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना अधिक सांगणें नको. या रोगाचा विषार पिसांवरूनही प्रवास करितो. म्हणून आपोआप मेलेल्या पक्ष्याचें एकही पीस घेऊं नये, मग तें कितीही सुंदर असो. कळपांत एकाएकीं मर लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें. परदेशीं जाणाऱ्या पिसांस सरकारी पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि तीं धुऊन १०० अंशांच्या वाफेंत अर्धा तास वाळवावीं, अशी आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेची रीत आहे. इतकी खटपट एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या घरीं होण्यासारखी नाहीं. ज्यांच्यापाशीं ती सोय आहे अशा व्यापाऱ्यासच माल द्यावा, किंवा दहा-पंधरा जणांनीं मिळून विचार करावा.

आतां पैशाचा प्रश्न. केवळ पिसांसाठीं गिनी कोंबड्या पाळाव्या असें कोणी सांगत असेल तर त्याच्या पत्रकावर विश्वासूं नये. पक्ष्याचें पोट त्याच्या अंड्यांनीं, मांसानें व वेंचलेल्या किड्यांनीं भरलें पाहिजे. पीस ही वरकड. आमच्या मतें खरा लाभ पीस विकण्यांत नसून माशी विकण्यांत आहे. बांधलेल्या माशीच्या किंमतींत पिसाचा वाटा अगदीं थोडा आणि हाताचा वाटा फार. कलकत्त्यास माशा बांधून परदेशीं पाठविण्याचा धंदा चालतो, आफ्रिकेंत केनयामध्येंही तो मोठ्या प्रमाणावर आहे. दोन्हीकडे काम हातानेंच होतें, यंत्रानें तें अद्याप साधलेलें नाहीं. आपल्या बायकामुलींच्या बोटांत गोधडीचा बारीक टांका व जरीचें काम जिरलेलें आहे, तेव्हां हें कसब त्यांना अवघड जाऊं नये. परंतु घेणारा एक डझन माशा मागतो तेव्हां बाराही एका मापाच्या मागतो, आणि तेवढा हात बसण्यास महिनेच लागतात. तोंवर पवईच्या तलावावर गळ घेऊन बसणाऱ्या हौशी मंडळींना नमुने दाखवून पाहावे. ते दोष तोंडावर सांगतात, व त्यांतच शिक्षण आहे.

निवडून उरलेलीं मोडकीं पिसें, लव व पंखांचीं बुडें जाळूं नयेत. कोरड्या पिसांत शेंकडा सुमारें १५ भाग नत्र असतें, म्हणजे शेणाच्या कितीतरी पट. मात्र तीं कुजण्यास फार वेळ घेतात. शेणकाल्यांत भिजवून कंपोस्टाच्या खड्ड्यांत मधल्या थरास पसरावींत, वर पालापाचोळा घालावा, आणि दोनदां खालवर करून वर्षानें तें खत केळीच्या आळ्यांत द्यावें.